मामाची वीत

बोरीवलीत ज्या ज्या स्वयंपाकघरात स्टीलचं एक तरी जुनं भांडं आहे, त्या प्रत्येक स्वयंपाकघरात माझ्या मामाचं हस्ताक्षर आहे. हे वाक्य मी जरा घाबरतच लिहिते आहे, कारण पुराव्याशिवाय विधान करू नये असं आमच्या कॉलेजातल्या मॅडम नेहमी सांगतात. पण पुरावा तुमच्या मांडणीवरच असेल. उठा आणि एखादं फुलपात्र उलटंपालटं करून बघा. काठाखाली बारीक रेघेत कुणाच्या तरी लग्नाचं, बारशाचं किंवा वास्तुशांतीचं 'सप्रेम भेट' असेल, आणि त्यातल्या 'भ'चा गोल अगदी पोटभर जेवल्यासारखा सुटलेला असेल, तर ते माझ्या मामाचं. तो म्हणतो की भेटीतला 'भ' उपाशी दिसता कामा नये.

मामा म्हणजे माझ्या आईचा मावसभाऊ. त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाली तेव्हा मामा अठरा वर्षांचा होता. तो स्टेशनजवळच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात भांडी पुसायला लागला आणि तिथल्या म्हाताऱ्या कारागिराकडे बघून बघून भांड्यांवर नावं घालायला शिकला. दुकानाच्या दाराशी बुटकं स्टूल, मांडीवर फडकं, हातात पेनासारखं धरायचं विजेचं मशीन. मशीनच्या टोकाची सुई थरथरते आणि चर्र आवाज करत स्टीलवर अक्षर उमटत जातं. कोपर गुडघ्यावर टेकवायचं, भांडं नाकासमोर एका वितीवर धरायचं, आणि नाव पूर्ण होईपर्यंत श्वास सोडायचा नाही, ही मामाची पद्धत. लांबलचक नाव असलं की मामाचा चेहरा लाल होतो. 'आदर्श सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' एवढं एका दमात घालून झाल्यावर मामीने त्याला एकदा साखर-पाणी दिलं होतं म्हणतात. जगातली सगळी मापं तो वितीत सांगतो. पापलेट किती मोठं होतं, तर दीड वीत. मी जन्मले तेव्हा किती होते, तर अडीच. लहानपणी मला अक्षरं शिकवताना पुस्तकावर आपला पंजा पसरून तो माझं कपाळ बरोबर करंगळीच्या टोकाला आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "हयसून बघ गो. वीतभर अंतर ठेवला की अक्षर खोटा बोलणा नाय." हयसून म्हणजे इथून, त्याच्या करंगळीच्या टोकापासून.

मामाची सगळ्यात कुप्रसिद्ध सवय म्हणजे कुणाच्याही घरी पाणी दिलं की ते घटाघटा पिऊन भांडं फिरवून त्यावरचं नाव वाचायचं. आपल्या अक्षरांची खुशाली विचारल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. त्यात त्याची आठवण अशी की कुणाच्या कार्यातलं कुठलं भांडं हे त्याला नावासकट पाठ. एकदा आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण होता. प्रसादाचं पातेलं बाहेर आलं आणि मामा हात जोडायच्या आधी खाली वाकला. मग उठून, सगळ्या पाहुण्यांसमोर, अगदी आनंदाने म्हणाला, "अरे, हे तर बी विंगमधल्या काकूंच्या सुनेच्या डोहाळजेवणातलं! अजून छान राहिलंय हां." बी विंगमधल्या काकू नेमक्या तिथेच बसल्या होत्या, आणि ते पातेलं त्या चार वर्षं शोधत होत्या. प्रसाद गोड होता, पण कुणाला फारसा लागला नाही. तेव्हापासून आमच्या इमारतीत मामाला सगळे काचेच्या ग्लासात पाणी द्यायला लागले. मामाला वाटायचं की हा त्याचा मान आहे.

अशा माणसाला जवळचं दिसेनासं झालं तर काय होईल याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मामाने तर नव्हताच. कोकणातल्या माणसाला चष्मा लागत नाही, हा त्याचा सिद्धांत. कारण आपण माशाचं डोकं खातो. आमच्याकडे बांगडा केला की सगळ्यांच्या ताटातली डोकी मामाच्या ताटात जायची आणि तो त्यांचे डोळे असे मन लावून खायचा, जणू पुढच्या महिन्याची नजर भरून घेतोय. पन्नाशी जवळ आली तशी त्याची वर्तमानपत्राची घडी छातीपासून लांब लांब जायला लागली. मामी म्हणाली, "चाळिशी लागली तुमका." मामा म्हणाला, "माझी चाळिशी होवन धा वर्षां झाली. तेव्हा लागाक नाय ती आता कशी लागतली?" मग दोष कुणाचा, तर पेपरवाल्यांचा. ते शाई वाचवायला अक्षरं बारीक करतात. मग दोष दिव्यांचा. नव्या दिव्यांना उजेड असतो पण पिवळेपणा नसतो, म्हणून दुकानातली ट्यूब त्याने शेठना चारदा बदलायला लावली. शेवटी दोष स्टीलचा. "पूर्वीचा स्टील गरीब होता," तो मला म्हणाला, "आताचा नुसता चमाकता. माणसाक बघूक देणा नाय."

गिऱ्हाइकाने आणलेली चिठ्ठी वाचता येईना, तर मामाने त्यावरही उपाय काढला. चिठ्ठी हातात घेऊन, ती न उघडताच तो म्हणायचा, "चिठ्ठीत माया नसते ताई. तोंडाने सांगा." बायका खूश व्हायच्या. मुलीचं नाव, जावयाचं नाव, तिथी, सगळं सांगता सांगता एखादी डोळे पुसायची. मामा ते ऐकून, अंदाजाने भांडं वितीवर धरून, निम्मं सवयीने आणि निम्मं अंगठ्याने नाव घालायचा. घालून झालं की अंगठा अक्षरांवरून फिरवायचा. "डोळे कित्याक होयेत? माझो अंगठो वाचता," असं तो घरी येऊन सांगायचा.

अंगठ्याला पत्रिका मात्र वाचता येत नाही. मालाडला एका लांबच्या नातेवाइकांचं लग्न होतं. पत्रिका लाल, त्यावर सोनेरी अक्षरं. मामीने ती खोलीच्या त्या टोकाला उभं राहून धरली आणि मामाने या टोकावरून वाचली, "दुसरो मजलो." आम्ही चौघं, म्हणजे मामा, मामी, आई आणि मी, दुसऱ्या मजल्यावर गेलो, स्टेजवर जाऊन मोठा डबा दिला, फोटो काढला, जेवायला बसलो. दुसऱ्या जिलेबीला आईच्या लक्षात आलं की इथे आपल्याला कुणीच ओळखत नाही. आपलं लग्न पहिल्या मजल्यावर होतं. मामी म्हणाली, गुपचूप खाली चला. पण मामा कसला ऐकतो? "डबो ठेवन जावचो? तेच्यार त्या दोघांचा नाव आसा!" तो पुन्हा रांगेत उभा राहिला, स्टेजवर गेला, नवरदेवाला समजावून डबा परत घेतला आणि नवरीला म्हणाला, "पोरी, गैरसमज नको. तुमचं घालून आणून देतो." आणि खरंच, चार दिवसांनी त्यांचा पत्ता शोधून त्यांच्या नावाचा नवा डबा देऊन आला. त्या अनोळखी घरून आजही दिवाळीला फराळ येतो. पहिल्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडून येत नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग समोरच्या दुकानात लेसरचं मशीन आलं. नाव कॉम्प्युटरवर टाइप करायचं, भांडं आत ठेवायचं, क्षणभर निळसर उजेड, की झालं. श्वासबीस काही रोखायला नको. गिऱ्हाइकं बघायला थांबायला लागली. मामाचे शेठ वाईट माणूस नाहीत, पण तेही एक दिवस म्हणाले, "बघू, दिवाळीनंतर आपणही आणू. तुझे हातही आता दमले असतील." मामा त्या दिवशी घरी आला आणि बांगड्याची डोकी ताटात तशीच ठेवून उठला. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्याला रस्त्यावरचं ते होर्डिंग दिसलं. लांबचं त्याला लख्ख दिसायचं. 'चाळिशीच्या चष्म्याला निरोप, लेसरने.' खालचा बारीक मजकूर वाचायला तो थांबला नाही. सरळ आमच्या घरी आला. "काट्यान काटो काढूचो," तो म्हणाला. "तेंचो लेसर भांड्यार, माझो लेसर डोळ्यार. बघूया कोण जिकता तो." आणि मग माझ्याकडे वळून, "चेडवा, तू येवचा माझ्यावांगडा. थयसर सगळा इंग्लिश असतला."

आमच्या घरात मी पहिलीच कॉलेजात गेलेली. त्यामुळे बँकेचा फॉर्म, विजेची तक्रार, औषधाच्या बाटलीवरचा कागद, सगळं माझ्याकडे येतं. मी बी.ए.ला आहे, मला यातलं बरंचसं कळत नाही, पण घरच्यांना ते सांगायचा धीर होत नाही. माझ्या प्रवेशाच्या वेळी मामाने मला एक फुलपात्र दिलं होतं. त्यावर माझं नाव आणि पुढे 'हिस कॉलेजात गेल्याबद्दल, मामाकडून सप्रेम भेट'. ज्याने असं फुलपात्र दिलं त्याला मला येत नाही असं कसं सांगायचं?

अंधेरीचं ते डोळ्यांचं हॉस्पिटल एखाद्या हॉटेलसारखं होतं. गार हवा, मऊ सोफे, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मामा एकदम लहान झाल्यासारखा सोफ्याच्या कडेवर बसला. मी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय बावन्न, पत्ता. मग व्यवसाय. शेजारी इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ भराभर आपला फॉर्म भरत होते. माझं पेन थोडा वेळ थांबलं आणि मग मी 'बिझनेस' असं लिहिलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि छान मराठी बोलत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे समजावलं. वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं धरत नाही. लेसरने ते भिंग पुन्हा तरुण होत नाही, पण बुबुळाच्या पुढच्या पडद्याचा आकार बदलता येतो. एक डोळा लांबचं बघण्यासाठी ठेवायचा, दुसरा जवळच्यासाठी करून घ्यायचा, आणि मेंदू दोघांचं जुळवून घ्यायला शिकतो. मामा म्हणाला, "म्हणजे नवरा-बायकोसारखं." बाई हसल्या. "हो, आणि काही जणांचं जुळत नाही. म्हणून आधी लेन्स घालून आठवडाभर बघायचं. लेसर केल्यावर मागे फिरता येत नाही." मग त्यांनी विचारलं, "रोज जवळचं काय बघता तुम्ही? किती अंतरावरून?"

मामाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ती सांगेल. ती कॉलेजात आहे."

मी म्हणाले, "मोबाइल. पेपर. दुकानातली बिलं वगैरे." 

बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं, चाळीस सेंटिमीटर. मी हे असं का सांगितलं? मी पुष्कळ विचार केला आहे. मला मामाची लाज वाटत नव्हती, एवढं मी शपथेवर सांगेन. पण त्या गार खोलीत 'तो भांड्यांवर नावं घालतो' हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही, हेही खरंच आहे.

लेन्सचा आठवडा म्हणजे मामाच्या घरी सण होता. धुळीत जायचं नाही म्हणून मामीने त्याला दुकानात जाऊच दिलं नाही. तो पेपरातल्या छोट्या जाहिराती मोठ्याने वाचायचा. डाळीच्या पाकिटामागचा मजकूर वाचायचा. मामीला समोर बसवून म्हणाला, "तुझ्या भुवयेकडे ह्यो तीळ कधी इलो?" मामी म्हणाली, "लग्नाच्या आधीच इलो. तुमका आज भेटलो." बोलली तशी, पण त्या दिवशी तिने केसांत अबोलीचा गजरा घातला होता. लेसरची तारीख ठरली, पुढचा सोमवार.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेले होते. मामा खुशीत होता. मामी मासे आणायला गेली होती, म्हणून चहा त्यानेच केला. चहा पिऊन झाल्यावर त्याने सवयीने स्टीलची बशी उचलली, उलटी केली आणि एका वितीवर धरली. कपाळाला आठी पडली. त्याने ती बशी बनियनला पुसली, पुन्हा धरली. मग बाजूला ठेवून म्हणाला, "मेली ही बशी कळकट झाली."

बशी स्वच्छ होती. मी घरी आले आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली मापाची टेप काढली. मामाची वीत मला पाठ होती, माझं कपाळ कितीदा तिच्या टोकाला टेकलेलं. ती बावीस सेंटिमीटर भरली. बावीस आणि चाळीस. टेपवर ते दोन आकडे इतके जवळ होते, पण सोमवारी ते कायमचे लांब होणार होते. मामा लेसर करून दुकानात जाणार, भांडं वितीवर धरणार, आणि स्टीललाच दोष देत राहणार. आणि एक दिवस शेठ ते मशीन आणणार.

रविवारी सकाळी मी त्याला शोधत गेले. नॅशनल पार्कच्या बाजूला आमच्या इथे एक छोटी बाग आहे. तिथे तो रोज दवावर अनवाणी चालतो, नजर तेज होते म्हणून. लेन्स घातल्यापासूनही त्याने ते सोडलं नव्हतं. चपला हातात, पँट घोट्यापर्यंत वर. मी त्याच्या शेजारून चालत चालत सगळं सांगितलं. फॉर्म, बिलं, चाळीस, बावीस. तो चालायचा थांबला.

"बिझनेस लिवलस?"

"हो."

"कित्याक?"

मी गवतावरचं दव चपलेने पुसायला लागले.

"लाज वाटली गो माझी?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. बागेतल्या फेऱ्या मारणाऱ्या दोन आजी थांबून बघायला लागल्या. मामा गवताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुरे आता. माझ्या दवात मीठ पाडू नको, गुण जाता तेचो."

सोमवारी ठरलेल्या वेळीच आम्ही गेलो, पण आधी डॉक्टर बाईंना भेटायला. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बरं झालं आज आलीस." त्यांनी मामाचा फॉर्म काढला आणि माझ्यासमोर ठेवला, दुरुस्त करायला. मी पेन उचलणार तेवढ्यात मामाने ते घेतलं. कोपर गुडघ्यावर टेकवलं, कागद वितीवर धरला. तिथे त्याला काहीही दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. त्याने श्वास रोखला. आणि माझ्या 'बिझनेस'वर एक रेघ मारून, शेजारच्या एवढ्याशा जागेत, वाटीच्या काठावर मावेल अशा अक्षरांत लिहिलं, 'भांड्यांवर नावे घालणे'. 'भ'चं पोट सुटलेलं. मग अक्षरांवरून अंगठा फिरवला. कागदावर अंगठ्याला काय कळणार? त्याने माझ्याकडे बघितलं. "सरळ इला काय?"

"आलं," मी म्हणाले.

बाई तो कागद बराच वेळ बघत होत्या. त्यांच्या आजीच्या कळशीवर अशीच अक्षरं आहेत, असं त्या म्हणाल्या. मामाने लगेच विचारलं, "आजी बोरीवलीच्या का?" आजी साताऱ्याच्या होत्या. मामाला जरा वाईट वाटलं.

मग त्यांनी स्पष्ट सांगितलं. डोळा एका वितीवर बसवला तर रस्त्याने चालताना, जिना उतरताना दोन डोळ्यांचं जुळणार नाही. आणि चाळिशी इथेच थांबत नाही, अजून काही वर्षं वाढते, तेव्हा आज बसवलेली वीतही पुढे कमी पडेल. पेपर वाचणाऱ्याला हे लेसर चांगलं. या कामाला चष्माच. "लेसर वाईट नाही काका," त्या म्हणाल्या, "तुमचं काम बारीक आहे." बोलता बोलता त्यांनी त्याची लेन्स काढली, तपासणीची ती जड, गोल फ्रेम त्याच्या नाकावर चढवली, एकेक काच बदलत गेल्या आणि शेवटी तो फॉर्म त्याच्या हातात दिला.

मामाने तो वितीवर धरला. जवळजवळ चार वर्षांनी त्याला स्वतःचं अक्षर दिसत होतं. आम्हाला ते सुंदरच वाटलं होतं. तो मात्र नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "खाली घसारला." खरंच, ओळीचं शेपूट किंचित उतरलं होतं. "म्हणजे इतकी वर्षां मी जा घातलंय ता..." एवढं बोलून तो थांबला. बोरीवलीतली किती स्वयंपाकघरं त्याच्या डोळ्यांसमोरून गेली असतील, कोण जाणे.

चष्मा आला. आल्या आल्या मामाने त्याला दोरी बांधली आणि दुकानात सांगितलं की स्टीलचा चुरा डोळ्यात जातो म्हणून हा लावलाय, नंबरबिंबर काही नाही. शेठनी मान डोलावली. दिवाळीनंतर मशीन आलंच, ते दुकानाच्या उजव्या हाताला आहे. डाव्या हाताला मामाचं स्टूल आहे. घाईतली माणसं उजवीकडे जातात. पण अजून काही बायका येतात, चिठ्ठी न काढता स्टुलासमोर उभ्या राहतात आणि तोंडाने सांगायला लागतात. आता मामाला चिठ्ठी वाचता येते, पण तो मागत नाही. त्याची अक्षरं पुन्हा सरळ आली आहेत. माशाची डोकीही तो पुन्हा खायला लागला आहे; चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून.

एक गोष्ट मात्र बदलली. कुणाच्या घरी गेला की उंबऱ्यापाशीच तो चष्मा काढून खिशात ठेवतो. पाणी पितो आणि भांडं तसंच खाली ठेवतो. फिरवत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "माका बघूचा नाय. तेंच्या घरात ती अक्षरां सरळच असूदेत." आमच्या इमारतीतल्या बायकांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा स्टीलच्या भांड्यातून पाणी द्यायला सुरुवात केली. त्याला वाटतं की त्याचा मान कमी झाला.

गेल्या महिन्यात तो दुकानातून परस्पर आमच्याकडे आला. चष्मा दोरीने गळ्यात लोंबत होता, काढायचा राहिला होता. आई घरात नव्हती. मी पाणी दिलं आणि देऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हाताला लागलं ते माझं फुलपात्र होतं, कॉलेजप्रवेशाचं. त्यावरचं माझं नाव सुरुवातीला काठाच्या जवळ आहे आणि 'सप्रेम भेट'पर्यंत येता येता चांगलं बोटभर खाली उतरलं आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. 

मामा पाणी प्यायला. चष्मा डोळ्यांवर चढवला, फुलपात्र फिरवलं आणि एका वितीवर धरलं. 

"ह्या मी दिलंय तुका?"

"हो."

"कॉलेजात दाखवलंस कोणाक?"

"डब्याबरोबर रोज नेते."

त्याने अंगठा अक्षरांवरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उतारावरून गाडी सोडल्यासारखा. "दे माझ्याकडे. पॉलिश करून घासून काढतंय, परत घालतंय. सरळ." 

"नको मामा."

"गो, तुझा नाव घसारला हा. लोक काय म्हणतले?"

"असू दे. मला हेच हवंय."

तो माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिला. मग त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, खिशात ठेवला. आणि फुलपात्र हातात घेऊन हात लांब केला, जाईल तेवढा लांब, खिडकीच्या उजेडाकडे, वितीचं काही माप न ठेवता. डोळे बारीक करून बघितलं.

"हां," तो म्हणाला. "हयसून सरळ दिसता."